फेरमूल्यांकनाचं मटण

आमच्या फौंड्रीत बोकड कापला तो नफा झाला म्हणून नाही. जमिनीची किंमत कागदावर वाढली म्हणून माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सगळ्या कामगारांना तांबडा-पांढरा घातला. सकाळी मी लूना स्टँडला लावून आत आले, तर शेडबाहेर चुलवण पेटलेलं, दोन मोठी पातेली चढलेली आणि आबा कांदा चिरणाऱ्यांवर ओरडत उभे.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"काय म्हंजे? तूच केलंस की! कोट्याधीश झालो आपन."

मी हादरलेच. मी त्या फौंड्रीचा जमाखर्च बघायचे. बी. कॉम. झाल्यावर एका सी. ए.कडे उमेदवारी केली होती, मग लग्न झालं, पण सासर कोल्हापुरातच, मंगळवार पेठेत असल्यामुळे माहेरचं काम सुटलं नाही. ज्या अहवालासाठी मी जमिनीची किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरच्या मागे हात धुऊन लागले होते, तो आदल्या दिवशी हातात पडला होता. त्याचं असं मटण होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"आबा, पैसा आलेला नाही. एक रुपयाही नाही. नुसता आकडा बदललाय."

"आकडा मोठा झाला का ल्हान?"

"मोठा."

"मग बस की गप, आन जेव."

मी जेवले. रस्सा झकास झाला होता, हे खोटं कशाला सांगू? पण आबा पंगतीतून वाढत फिरत होते आणि ज्याला त्याला जमिनीची नवी किंमत सांगत होते. कामगारांना, शेजारच्या लेथवाल्याला, उसाच्या रसाच्या गाड्यावाल्याला. बँकेतला माणूस जे दार लावून कानात सांगतो, ते आमच्याकडे वाढप्याच्या आवाजात चाललं होतं.

हे सगळं सुरू झालं एका भट्टीपायी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमची भट्टी दगडी कोळशाच्या कोकवर चालायची. पुण्याच्या ज्या कारखान्याला आम्ही इंजिनाची ओतीव कास्टिंग द्यायचो, त्यांनी सांगून टाकलं, यापुढं माल विजेच्या भट्टीतला हवा, नाहीतर दुसरीकडे बघतो. त्यांचं काम गेलं असतं तर आमच्याकडं राहिलं असतं गटाराच्या झाकणांचं काम, आणि त्यात कामगारांचा चहासुद्धा सुटत नव्हता. भट्टी घेणं भाग होतं आणि भट्टीला कर्ज घेणं भाग होतं.

बँकेचे मॅनेजर नवे होते, विदर्भाकडचे, हळू बोलणारे. आबांनी खुर्चीत बसता बसताच विचारलं, "काय पावणं, किती टक्क्यानं देताय?" त्यांनी उत्तर न देता आमचा ताळेबंद उलटा-सुलटा केला.

"तुमचं स्वतःचं भांडवल एवढंसं, आणि कर्ज मागताय एवढं," ते म्हणाले. "नाकापेक्षा मोती जड. आमच्याकडं गिऱ्हाइकाचा दर्जा ठरतो. तुमचा खालचा बसतोय. दोन टक्के जास्त पडतील."

दोन टक्के ऐकायला काहीच वाटत नाहीत. मी तिथंच, मॅनेजरांच्या टेबलावर, पेन्सिलीनं हिशोब मांडला. त्या दोन टक्क्यांत आमचा सगळा फायदा वाहून जात होता. भट्टी आणली तरी मरण आणि न आणली तरी मरण.

मग मला जमीन आठवली. आजोबांनी ती घेतली तेव्हा तिथं म्हशी चरायच्या. त्यांनी दिलेली किंमतच ताळेबंदात होती. दरवर्षी मी तो आकडा तसाच पुढं ओढत होते आणि त्या आकड्यात आता माझी लूनाही आली नसती. मधल्या काळात शहर आमच्या फाटकापर्यंत येऊन पार पलीकडं गेलं होतं. मी मॅनेजरांना म्हटलं, "साहेब, आमचं नाक लहान नाही. लहान लिहिलंय."

ते पहिल्यांदा हसले. "मग मोजून आणा."

मोजून आणणं म्हणजे फेरमूल्यांकन. मोठ्या कंपन्याही ते करतात, आणि सगळ्याच लबाडीनं करतात असं नाही. जुन्या किमतीला धरलेली मालमत्ता खरी ऐपत झाकून ठेवते. पैसे देणाऱ्याला ऐपत दिसली नाही की तो धास्तावतो, आणि धास्तीची भरपाई व्याजात घेतो. सोयरीक जमवताना घरची माणसं शेती किती, विहीर किती हे विचारतात, तसंच ते. शेती असून सांगितलीच नाही तर पाहुणे उठून जाणार.

मॅनेजरांनी दोन गोष्टी आधीच बजावल्या. वाढलेली सगळी किंमत आम्ही तुमचं भांडवल म्हणून धरणार नाही, कारण ती तुम्ही खिशातून घातलेली नाही आणि ती वाटूनही घेता येत नाही. पण तारण भक्कम झालं की आमची जोखीम उतरते, तुमचा दर्जा चढतो आणि दर खाली येतो. दुसरं, शेडची किंमत वाढवू नका. इमारतीचा भाव चढवला की वर्षाला झीज म्हणून वजा होणारा घसाराही वाढतो आणि नफा कमी दिसतो. जमिनीला घसारा नसतो, तेवढीच करा. मला तो माणूस आवडला. आबांना नाही. घरी येईपर्यंत ते पुटपुटत होते, "किंमत वाढली तर नफा कमी? ह्यो कुठला न्याय?"

व्हॅल्युअर आला तो टेप घेऊन. आबांनी त्याच्यासाठी मुद्दाम ओतकाम लावलं होतं. लोखंडाचा रस भट्टीतून कसा येतो, साच्यात कसा पडतो, सगळं दाखवायचं होतं त्यांना. त्यानं भट्टीकडं बघितलंसुद्धा नाही. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत टेप धरला, रस्त्याची रुंदी मोजली, शेजारच्या प्लॉटचा व्यवहार कधी झाला ते विचारलं आणि चहा पिऊन गेला.

"भट्टीकडं ढुंकून बघितलं न्हाय गं त्यानं," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

अहवाल आला तेव्हा त्यांना मी आकडा वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग त्यांनी विचारलं, आपली सगळी यंत्रं विकली तर किती येतील? मी सांगितलं. कामगार सायकली लावतात त्या कोपऱ्याची किंमत सगळ्या यंत्रांहून जास्त निघत होती. आबा साच्यांच्या काळ्या वाळूच्या ढिगावर जाऊन बसले. उभ्या हयातीत त्यांनी भट्टीपुढं हात भाजून जे कमावलं नव्हतं, ते जमिनीनं नुसतं पडून राहून कमावलं होतं. हा धक्का त्यांना सोसला नसावा. म्हणून दुसऱ्या दिवशी बोकड.

पंगत उठली आणि गंमत सुरू झाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! दुसऱ्या दिवशी मोल्डिंगचे मिस्त्री टोपी हातात घेऊन बोनस मागायला आले. "मालक, कोटीत गेलासा म्हनं." लेथवाल्यानं भिंतीचा जुना वाद उकरून काढला. मी प्रत्येकाला सांगून थकले की ही किंमत खायची नाही, फक्त दाखवायची आहे. सगळ्यांनी मान हलवली आणि एकालाही पटलं नाही. मटण खाल्लेल्या माणसाला नफा झाला नाही हे कसं पटणार?

खरा घाव बँकेच्या वकिलानं घातला. त्यानं जागेचा सिटी सर्व्हेचा उतारा काढला. उताऱ्यावर नाव आजोबांचं.

"जागा फर्मच्या नावावर नाही," तो आबांना म्हणाला.

"कशी आसंल? वडलांची हाय की जागा."

"ते वारले ना?"

"मग? जागा काय मेली न्हाय."

मी डोक्याला हात लावला. आजोबांनी जागा, दुकानात भांडवल घालावं तशी, फर्मच्या वहीत घातली होती, आणि आपलंच आहे, कशाला कचेऱ्यांत खेटे घाला, म्हणून सरकारी उताऱ्याला कुणी हात लावला नव्हता. अशी चूक आमच्याकडं दर दुसऱ्या फौंड्रीत सापडेल. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस दोन, आबा आणि कागलची माझी आत्या. म्हणजे ज्या जमिनीची किंमत मी एवढ्या थाटामाटात वाढवून आणली, तिच्यातली निम्मी आत्याची होती. मी सगळं शिकलेली, मला हे आधी सुचलं नाही, याचा मला धक्का बसला. त्याहून मोठा धक्का हा की घरात ते कुणालाच कधी सुचलं नव्हतं, आत्यालासुद्धा.

आत्या आबांची थोरली बहीण. लग्नाआधी ती आजोबांबरोबर शेडमध्ये वाळू चाळायची, हे आईकडून ऐकलेलं. लग्न करून कागलला गेली ती उसाच्या आणि म्हशींच्या रगाड्यात. दर दिवाळीला आबा तिला साडी न्यायचे, ती दर दिवाळीला "कशाला आनलीस" म्हणून ओरडायची, आणि दोघं एका ताटात जेवायची. त्यांचं प्रेम खरं होतं. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर पुढचं ऐकून लोकांना वाटेल आमचे आबा म्हणजे कोणी दुष्ट माणूस होते.

वकील म्हणाला, बहिणीची सही लागेल. मी आबांना समजावून सांगितलं की बँकेला फक्त एवढंच हवंय, आत्यानं मालकीण म्हणून तारणावर सही करायची. हक्क सोडायची काही गरज नाही. आबा "बरं बरं" म्हणाले आणि आपल्या ओळखीच्या वकिलाकडं जाऊन हक्कसोडपत्र तयार करून आले. आमच्याकडं बहिणीची सही म्हटली की हक्कसोड, आणि हक्कसोड म्हटलं की साडीचोळी. याच्या पलीकडं कुणाचं डोकं चालतच नाही.

साडी आणायला ते मला घेऊन गेले. "दोन घे," म्हणाले. "एक अक्काला. दुसरी तुझ्या पसंतीनं." दुसरी आईला असेल असं मी धरून चालले. आत्याला जांभळी घेतली, आणि दुसरी मोरपंखी, जरीचे बारीक काठ असलेली. आईला गडद रंग शोभत नाहीत हे मला माहीत होतं, तरी ती मला इतकी आवडली की मी घेऊन टाकली.

कागलला गेलो तेव्हा आत्या गोठ्यातून हात धुऊन आली. तिच्यापर्यंत मटणाचा वास कधीच पोचला होता. हायवेवरून एस. टी. येते, तिच्याबरोबर कोल्हापूरच्या सगळ्या बातम्या येतात. तिनं आम्हाला घोंगडं अंथरून बसवलं, पाणी दिलं आणि सरळ मला विचारलं.

"किंमत किती झाली म्हनं गं?"

मी आबांकडं बघितलं. आबा छताकडं बघत होते. मी आकडा सांगितला.

"बया!" आत्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. ती खरंच घाबरली होती. मग तिनं विचारलं, "आन ती वाढवून तुमाला काय मिळनार?"

"व्याज कमी लागेल. दोन टक्के."

"कुनाचं?"

"फौंड्रीचं."

"फौंड्री कुनाची?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करत होता, पण फौंड्री त्याची, हे न बोलता ठरलेलं होतं. रोज मात्र तिथं मी असायचे. आबांची म्हणावं तर निम्मी जागा समोर बसलेल्या बाईची. आमची म्हणावं तर त्या 'आमच्या'त मी होते का?

आबांनी खाकरून पिशवी उघडली. जांभळी साडी आत्याच्या मांडीवर ठेवली, वर नारळ ठेवला. "अक्का, कागदावर सही करायची हाय. रीतीची हाय, आनि काय न्हाय." आत्यानं साडीवरून हात फिरवला. आमच्याकडच्या बायका स्वतःला करतो-जातो म्हणतात, तशी ती म्हणाली, "करतो की. न्हाय कुठं म्हटलं? पर मला एकटीलाच कशाला बाहेर काढताय रं?"

तिचा आवाज थोडा कापला. आबांना ते सहन झालं नाही. बहिणीची समजूत काढायला म्हणून ते घाईघाईनं म्हणाले,

"एकटी कशी? हिची बी सही घेनार हाय की. त्याच वकिलाकडं, एकाच खर्चात. हिची साडी बी आनलीया. तिनंच पसंत केलीया."

आणि त्यांनी ती मोरपंखी साडी पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवली.

राग नंतर आला. माझ्यापासून ते काही चोरून करत नव्हते. त्यांच्या लेखी त्यात चोरण्यासारखं काही नव्हतंच. लेकीची सही घ्यायची, लेकीला साडी द्यायची, ती तिच्या आवडीची द्यायची, म्हणजे प्रेमानं केलं. जमीन आजोबांच्या किमतीला होती तेव्हा माझी सही कुणाला नको होती. मी तिची किंमत वाढवली आणि माझी सही लागायला लागली.

"आबा, बँकेनं माझी सही मागितलेली नाही," मी म्हटलं.

"पुढंमागं कटकट नको. तुझ्या भावाला तरास हुईल."

"आत्याचंही हक्कसोड नको आहे बँकेला. तारणावर मालकीण म्हणून सही केली की कर्ज मिळतं, दर कमी होतो, भट्टी येते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"तुला कोन इचारलं हितं?" आबा ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याइतकाच धक्का त्यांनाही बसला होता, हे मला दिसत होतं. सख्खी पोर उलटी फिरली, तीही बहिणीच्या दारात.

आत्या दोघांकडं बघत होती. मग तिनं नारळ उचलून बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "तुझ्या त्या दुसऱ्या सहीनं भट्टी येतीया न्हवं?"

"येते."

"फौंड्री बंद पडत न्हाय?"

"नाही."

"मग तीच करतो मी. नाव ऱ्हाऊंदे माझं. बाच्या जागंवर लेकीचं नाव आसलं म्हनून काय रान जळत न्हाय." साडी तिनं घडी न मोडता आबांच्या पिशवीत परत ठेवली. मी माझी ठेवली.

आत्यानं बँकेत येऊन सही केली. उताऱ्यावर दोन नावं लागली. मॅनेजरांनी शब्द पाळला, दर्जा चढला, दर दोन टक्क्यांनी खाली आला. विजेची भट्टी आली, पुण्याचं काम राहिलं. पहिला रस ओतला तेव्हा आबांनी भट्टीला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा त्यांनी मला हातात दिला, पण माझ्याकडं न बघता. मला वाटलं, निवळेल. बापच तो, किती दिवस धरून बसणार?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सकाळी ऑफिसात गेले तर माझ्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले. जयसिंगपूरचे, अडत दुकानात जमाखर्च लिहिलेले, कपाळाला गंध, सभ्य माणूस. मला बघून ते उठून उभे राहिले. आबा दारातून आत आले.

"तुला तुझा संसार हाय," ते मला म्हणाले. "किती दिस माहेरचं वढनार? आता ह्ये बघतील."

मला बसायला दुसरी खुर्ची नव्हती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "पगार किती ठरवला?" त्यांनी सांगितला. चांगला होता.

"परवडेल?" मी विचारलं. सवयीनं विचारलं. तेवढ्यातही माझं डोकं फौंड्रीचाच हिशोब करत होतं.

"त्ये व्याज वाचलंय न्हवं? त्यातनं निघतोय की."

मी मनातल्या मनात गुणाकार केला. बरोबर होतं. वाचलेलं व्याज आणि त्या माणसाचा पगार जवळजवळ सारखे होते. त्या गृहस्थांनी तोवर मागच्या वर्षांच्या वह्या पुढं ओढल्या होत्या. पगाराचं पान उलटत ते थांबले, पुन्हा मागं गेले आणि गोंधळून आबांना विचारू लागले, "मालक, माझ्या आधी हितं जमाखर्चाला कोन हुतं? पगारात नावच घावंना."

"कोन न्हवतं," आबा म्हणाले. "घरच्या घरीच बघत हुतो."